सहा तासांचे चार

(गॅरेज. जुनी पिकअप मागून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलेली. मागची दोन्ही चाकं भिंतीला टेकवलेली.)

पान्या : ...आणि समजा, घाईघाईत बसवलं आणि भर हायवेवर दात तुटला, तर? माणसाचं हाड मोडलं तर डॉक्टर असतो. दात तुटल्यावर काय करायचं?

दाजी : दाताचाही डॉक्टर असतो.

पान्या : मी गिअरच्या दाताचं बोलतोय, दाजी.

दाजी : कळलं. पार्ट आला का?

पान्या : येतोय.

दाजी : मागच्या खेपेलाही येतच होता.

पान्या : मग? लांबून येतोय तो. ही गाडी आपल्या दोघांच्या वयाची. हिचं क्राउन-पिनियन, मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची जोडी, काय कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाशेजारी मांडून ठेवलेली असते?

दाजी : तू म्हणाला होतास, पंधरवड्यात होईल.

पान्या : पंधरवड्यात म्हणालो होतो. कुठल्या पंधरवड्यात ते नव्हतो म्हणालो.

दाजी : बरं.

पान्या : 'बरं' असं म्हणू नका. तुम्ही 'बरं' म्हणालात की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय.

दाजी : आणखी एक. मला दाजी म्हणणं आता सोड.

पान्या : का?

दाजी : तुझी ताई आणि मी वेगळे होऊन दोन वर्षं झाली. बहिणीचा नवरा तो दाजी. नवराच नाही, तर दाजी कसला.

पान्या : मग काय म्हणू?

दाजी : नावाने हाक मार.

पान्या : तुमच्या नावाने? ते तोंडात बसत नाही माझ्या. मिसरूड फुटायच्या आधीपासून दाजी म्हणतोय. बघा, गिऱ्हाइकाला मी 'साहेब' म्हणतो. साहेब म्हणू?

दाजी : नको.

पान्या : 'शेठ' म्हटलं असतं. पण शेठलोक स्वतः येत नाहीत, ड्रायव्हरला पाठवतात. आणि तुम्ही तर खाटेवर बसल्यासारखे माझ्या टायरवर बसता.

दाजी : दाजीच म्हण.

पान्या : तेच म्हणत होतो. आता माझं ऐका. मुळात हे काम करायलाच नको, असं माझं मत आहे.

दाजी : मागच्या खेपेला तुझं मत होतं की करू या.

पान्या : मागच्या खेपेला मी विचार केला नव्हता. बाबांनी ही गाडी खाणीसाठी बांधून घेतलीय. हिचा शाफ्ट सव्वापाच फेरे मारतो तेव्हा मागचं चाक एक फेरा घेतं. म्हणून तर पाठीवर टनभर दगड घेऊन ती खाणीचा चढ चढायची आणि हूं की चूं करायची नाही. तुम्हीच चालवायचात, तुम्हाला मी काय सांगणार.

दाजी : चढ चढायची. उतरून हायवेला लागली की पासष्टला किंचाळायची.

पान्या : किंचाळणारच. इंजिन बिचारं सव्वापाच पट धावतंय. तुम्हाला पाहिजे पावणेचार. पावणेचारात पळेल, मी नाही कुठे म्हणतोय. पासष्टला जो गोंधळ घालायची तो नव्वद ओलांडेपर्यंत घालणार नाही. पण मग ताकद गेली. भरलेली गाडी चढावर घातलीत की मान टाकेल. वेग आणि ताकद दोन्ही एका पदरात पडत नाही, दाजी. कुणाच्याच.

दाजी : भरलेली नसेल.

पान्या : फरशा? तुमच्या फरशा काय चालत येणार आहेत?

दाजी : तिथे दुकानदार स्वतः पोचवतो. मी नुसता कटर आणि थापी घेऊन जायचं.

पान्या : 'तिथे' म्हणजे कुठे?

दाजी : हायवेने सरळ. आत्ता सहा तास लागतात.

पान्या : एका कामासाठी सहा तास कोण जातं?

दाजी : एकाच कामासाठी नाही.

पान्या : मग फरशीचं काम आहे की नाही?

दाजी : फरशीचं पण आहे.

पान्या : 'पण' म्हणजे?

दाजी : 'पण' म्हणजे पण. तुझी ताई आली बघ.

ताई : पान्या, तुझा फोन कुठे असतो रे? वजनकाट्यावरून किती वेळा लावला. एका वाळूच्या ट्रकचा टायर बसलाय माझ्या दारात, मागे रांग लागलीय. तुझ्याकडचा मोठा जॅक दे.

पान्या : तिकडे आहे, दाराशी. ओढत ने, उचलू नको.

ताई : मला माहितीय. अरे, तू आहेस होय इथे. कसा आहेस?

दाजी : बरा आहे.

ताई : वाळलायस. पाचेक किलोंनी.

दाजी : नुसतं बघून कळतं?

ताई : दिवसभर ट्रक जोखते मी. माणूस म्हणजे किरकोळ माल. आणि ही गाडी अजून अशीच? मला वाटलं केव्हाच झाली असेल.

पान्या : पार्ट यायचाय.

ताई : कुठला पार्ट?

पान्या : ताई, तुझा ट्रक खोळंबलाय ना?

ताई : ट्रक बसलाय, तो कुठे जात नाही. कुठला पार्ट?

दाजी : क्राउन-पिनियन.

ताई : लाकडी खोका, त्यावर पिवळी पट्टी?

पान्या : तो वेगळा.

ताई : वेगळा कसा? ट्रान्सपोर्टवाल्याने माझ्याकडे उतरवला तो. म्हणाला, गॅरेज सापडत नाही. ट्रकच्या काट्यावर ठेवून पाहिला, वीस किलो दाखवलं. तो काटा दहा-दहा किलोंनीच सरकतो, म्हणजे पंधरा ते पंचवीसमधलं काहीतरी. मग तू आलास, खांद्यावर टाकून घेऊन गेलास. जाताना गुणगुणत होतास.

दाजी : कधीची गोष्ट?

ताई : थंडी पडायच्या आधीची.

दाजी : आता घाम येतोय.

ताई : हो.

दाजी : पान्या.

पान्या : काय?

दाजी : खोका कुठे आहे?

पान्या : कपाटात. खाली. जुन्या रेडिएटरच्या मागे. वर पोतं टाकलंय, धूळ बसू नये म्हणून.

ताई : आणि लपवलास कशाला?

पान्या : लपवला नाही. ठेवला होता. वस्तू आली की लगेच बसवलीच पाहिजे असा काही कायदा आहे का?

ताई : कायदा नाही. पण गाडी घोड्यांवर चढवून तिची चाकं काढून ठेवायची आणि मग पार्ट कपाटात ठेवायचा, असाही कायदा नाही.

पान्या : गाडी हायवेची झाली की हे जाणार. मला काय कळत नाही? माणूस आधी म्हणतो, इंजिन फार ओरडतं. मग म्हणतो, गिअर बदलू या. मग एक दिवस हौद्यात पलंग बांधलेला दिसतो.

ताई : तुला सांगितलं नाही याने?

पान्या : काय?

ताई : अरे, सांगितलं नाहीस तू त्याला?

दाजी : सांगणार होतो. म्हटलं, गाडी झाली की निवांत सांगू.

ताई : आणि गाडी होत नव्हती.

दाजी : नव्हती.

ताई : धन्य आहात दोघे. पान्या, हा लग्न करतोय. तिकडेच राहणार आहे. बाई चांगली आहे असं दिसतं. मी फोटो पाहिलाय.

पान्या : तुला माहीत होतं?

ताई : यानेच फोन केला होता. पहिल्यांदा मलाच सांगितलं.

पान्या : तिला सांगितलंत. मला नाही.

दाजी : तिला सांगणं सोपं होतं.

पान्या : ताई, तुला काहीच वाटत नाही?

ताई : वाटायचं ते दोन वर्षांपूर्वी वाटून झालं. एका घरात बसून आम्ही एकमेकांची वाट बघत होतो. कुणीतरी उठून दार उघडायला पाहिजे होतं. मी उघडलं. त्यात याचं वाईट व्हावं असं काही नव्हतं, आणि माझंही.

पान्या : आणि गाडी? बाबांची गाडी आहे ती.

ताई : बाबांनी याला आधी गाडी दिली, मग मुलगी दिली. मुलगी परत आली. गाडी आली नाही, म्हणजे ती याची आहे. बसवून टाक.

पान्या : बाबांनी घातलेला गिअर काढून?

ताई : बाबांनी दगडासाठी घातला होता. ते काही देवाचं कार्य नव्हतं. चल, मला जॅक लावायचाय. आणि तू, जेवत जा जरा.

*

पान्या : उजेड वर धरा. अजून वर. माझ्या डोळ्यांत नाही, दाजी, गिअरवर.

दाजी : इथे?

पान्या : इथे. आता हलू नका. सुट्टीचा दिवस म्हणून अंग मोकळं सोडू नका.

दाजी : ही पिवळी पेस्ट कशाला?

पान्या : दातांना लावायची आणि हाताने फिरवायचं. मग पेस्ट जिथे पुसली गेली तिथे दाताला दात टेकतोय. टोकाला टेकला तर पुढे किंचाळतो. बुडाशी टेकला तर घोंघावतो, कानात माशी शिरल्यासारखा. मधोमध टेकला की गप्प. हे बघा, टोकाकडे गेलाय. म्हणजे परत खोला, आत पातळ पत्र्याची चकती घाला, परत लावा, परत बघा.

दाजी : किती वेळा?

पान्या : गप्प होईपर्यंत. आणि दोघांच्यामध्ये थोडी फटही ठेवावी लागते. अजिबात नाही ठेवली तर तापून एकमेकांना खातात. जास्त ठेवली तर आपटत राहतात.

दाजी : आधी जास्तच झाली होती.

पान्या : मी गिअरचं सांगतोय, दाजी.

दाजी : मीही गिअरचंच बोलतोय. क्लच सोडला की मागून धक्का बसायचा.

पान्या : हां. तो जॉइंटचा होता. तोही बदललाय.

दाजी : कधी?

पान्या : बदललाय. तो बारा नंबरचा पाना द्या.

दाजी : हा?

पान्या : तो तेराचा. द्या, सवय होईल हळूहळू. तिकडे कोण देणार आहे तुमच्या हातात पाने.

दाजी : तिने विचारलं परवा, 'पान्या' हे कसलं नाव.

पान्या : माझ्याबद्दल बोलता तिथे?

दाजी : गाडीबद्दल बोलतो. त्यात तू येतोस.

पान्या : मग काय सांगितलंत?

दाजी : सांगितलं, लहानपणी पाना उशाशी घेऊन झोपायचा. एकदा कुशीवर वळला आणि दात पडला.

पान्या : दुधाचा होता तो. पडणारच होता.

दाजी : तेही सांगितलं.

पान्या : तुमची ओळख झाली कशी?

दाजी : दवाखान्यात फरशी बसवायला गेलो होतो. ती तिथे काउंटरवर बसते. ओल्या फरशीवर पाय देऊ नका म्हणून मी सगळ्यांना सांगत होतो. तिने एकदाही दिला नाही.

पान्या : एवढ्यावर?

दाजी : मला एवढं पुरतं.

पान्या : तिच्या घरी कोण कोण आहे?

दाजी : आई आहे. भाऊ आहे.

पान्या : भाऊ आहे.

दाजी : हो.

पान्या : धाकटा?

दाजी : धाकटा.

पान्या : काय करतो?

दाजी : दात काढतो.

पान्या : कुणाचे?

दाजी : येईल त्याचे. दवाखाना त्याचाच.

पान्या : म्हणून त्या दिवशी तुम्ही दाताचा डॉक्टर...

दाजी : तोंडातून निघून गेलं.

पान्या : माणूस कसा आहे?

दाजी : स्वच्छ आहे.

पान्या : त्याला गाडीतलं काही कळतं?

दाजी : त्याची गाडी बॅटरीवर चालते.

पान्या : म्हणजे तेलसुद्धा बदलावं लागत नाही.

दाजी : नाही.

पान्या : मग सुट्टीच्या दिवशी करतो काय माणूस?

दाजी : पोहतो.

पान्या : कुठे?

दाजी : पाण्यात.

पान्या : ते कळलं. तुम्हीही जाता?

दाजी : एकदा गेलो. काठावर बसून फरशी बघितली. उतार चुकलाय, पाणी कोपऱ्यात साचतं.

पान्या : त्याला सांगितलंत?

दाजी : नाही. अजून तेवढी ओळख नाही.

पान्या : तो तुम्हाला काय म्हणतो?

दाजी : फरशीवाले.

पान्या : अजून?

दाजी : अजून.

पान्या : सुधारेल.

दाजी : बघू.

पान्या : उजेड परत माझ्या डोळ्यांत आला.

दाजी : हां. पान्या, एक खरं सांग. हे बसलं की झालं ना? आणखी काही निघणार नाही ना?

पान्या : ब्रेक.

दाजी : मला वाटलंच.

पान्या : अहो, तुम्ही आता नव्वदने जाणार. ब्रेक खाणीतलेच. पळायची सोय केली आणि थांबायची केली नाही, याला काम म्हणतात का?

दाजी : हे खरं की बहाणा?

पान्या : दोन्ही. पण ब्रेक झालेत.

दाजी : झालेत?

पान्या : चारही चाकांचे शू नवे आहेत. ड्रम घासून घेतले. चाकांचं बॅलन्सिंग केलं, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग हातात नाचलं असतं. शाफ्टही बॅलन्स करून आणलाय. पुढच्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलंय. तुमच्या बाजूची काच खाली अडकायची ती आता अडकत नाही.

दाजी : हे सगळं कधी केलंस?

पान्या : पार्ट येत होता तेव्हा. रिकामाच होतो.

दाजी : बरं.

पान्या : आता हे 'बरं' कसलं होतं?

दाजी : हे चांगलं होतं.

पान्या : फिरवा गिअर. हळू. अजून. थांबा. बघा आता पेस्ट. बघा कुठे पुसलीय.

दाजी : मधोमध.

पान्या : मधोमध. हे जुनं क्राउन-पिनियन फडक्यात बांधून देतो, घेऊन जा. पुढेमागे दगड वाहायची वेळ आली तर.

दाजी : तुझ्याकडेच राहू दे.

पान्या : मला काय उपयोग?

दाजी : वेळ आली तर बसवणार तूच ना.

*

पान्या : दुसरा टाका. आता तिसरा. काय वाटतं?

दाजी : जड उचलते.

पान्या : उचलणारच, सांगितलं होतं. पहिल्यात जरा जास्त वेळ ठेवायची, घाई करायची नाही. उठायला वेळ लागतो, एकदा उठली की मग तक्रार नाही.

दाजी : माझ्यासारखंच आहे.

पान्या : काटा किती दाखवतो?

दाजी : पंचेचाळीस.

पान्या : म्हणजे पासष्ट.

दाजी : पंचेचाळीस दाखवतोय.

पान्या : दाखवू दे. स्पीडोमीटरला गिअरबॉक्समधून माहिती जाते. मागे आपण काय केलंय ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तो जुन्याच हिशेबात आहे. त्याचा छोटा गिअर बदलला की बरोबर दाखवेल.

दाजी : मग बदल.

पान्या : पार्ट यायचाय.

दाजी : पान्या.

पान्या : हा खरंच यायचाय. ताईला विचारा. तोपर्यंत काटा दाखवेल त्याच्या दीडपटीला थोडं कमी धरा. आता टाका चौथा. द्या अजून. द्या, मी बसलोय ना.

दाजी : साठ दाखवतोय.

पान्या : पंच्याऐंशीला टेकलात.

दाजी : वाटत नाही.

पान्या : नाहीच वाटणार.

दाजी : गप्प का झालास?

पान्या : आवाज ऐकतोय.

दाजी : येतोय काही?

पान्या : नाही. तेच ऐकतोय. थोडा पाय काढा. आता परत द्या. नाही. कुठेच काही नाही. जमलंय.

दाजी : जमलंय.

पान्या : दाजी, या गाडीत आपण कधी बोललोय का हो?

दाजी : ओरडलोय.

पान्या : हां. ओरडलोय. 'डावीकडे ट्रक आहे', 'दार नीट लाव', एवढंच.

दाजी : तुझी ताईही याच सीटवर बसायची.

पान्या : ती तर ओरडायचीही नाही.

दाजी : नाही. ती बाहेर बघत साध्या आवाजात बोलायची. मी मान हलवायचो. एकदा घरी पोचलो, गाडी बंद केली, तर म्हणाली, मग ठरलं ना? म्हटलं, काय? म्हणाली, आत्ताच तर तू हो म्हणालास.

पान्या : कशाला हो म्हणाला होतात?

दाजी : मीही तेच विचारलं.

पान्या : मग?

दाजी : सांगितलं नाही. आत जाऊन कुकर लावला.

पान्या : नंतर कधी विचारलंत नाही?

दाजी : विचारायचं म्हटलं की आम्ही गाडीत असायचो.

पान्या : गिअर तेव्हाच बदलायला पाहिजे होता.

दाजी : तेव्हा दगड होते.

पान्या : तेही खरं. ...माझं चुकलं, दाजी. खोक्याचं.

दाजी : चालायचंच.

पान्या : चालायचं नाही. तुम्ही गिऱ्हाईक असता तर शिव्या घातल्या असत्या.

दाजी : गिऱ्हाईक असतो तर गाडी दुसरीकडे नेली असती.

पान्या : आता न्यावीच लागेल दुसरीकडे. तिथे कोण आहे हिला बघणारं? हजार किलोमीटर झाले की हे तेल बदलायचं, नव्या गिअरला पहिल्यांदा लवकर बदलावं लागतं. आणि जाडच तेल घालायचं. तिथल्या कुणी पातळ घातलं तर माझी मेहनत पाण्यात. तो तुमचा दातवाला तर पोहत असेल.

दाजी : इथे आणेन.

पान्या : नुसत्या तेलासाठी? सहा तास?

दाजी : आता चार.

पान्या : चार?

दाजी : तूच म्हणालास, नव्वदला किंचाळत नाही. सहाचे चार झाले. येतानाही चारच.

पान्या : ...मी फक्त जातानाचे धरले होते.

दाजी : मला वाटलंच.

पान्या : पण येताना चार, जाताना चार, मध्ये तेल गळून खाली यायला वेळ. एका दिवसात नाही व्हायचं.

दाजी : मुक्काम करेन.

पान्या : कुठे?

दाजी : गॅरेजच्या वर तुझी खोली आहे ना मोकळी.

पान्या : मोकळी कुठली, जुने टायर भरलेत तिथे.

दाजी : काढ.

पान्या : काढीन. पण ते काही सगळे टाकाऊ नाहीत. त्यातले दोन या गाडीचे आहेत, बाबांच्या वेळचे. एकाला नक्षी शिल्लक आहे अजून. खिडकीही एक उघडत नाही तिथली, रंगाने चिकटलीय. ती खरवडून काढतो. फरशी मात्र उखडलीय कोपऱ्यात.

दाजी : ते मी बघतो.

पान्या : आणि ती? ती येईल तुमच्याबरोबर?

दाजी : येईल. तिला तुला बघायचंय.

पान्या : मला कशाला?

दाजी : मी गेले चार महिने रोज सांगतोय, पार्ट यायचाय. तिला वाटतं, एवढी बाजू घेतोय म्हणजे कुणीतरी मोठा माणूस असणार.

पान्या : मग आता खरं सांगितलंत की नाही?

दाजी : सांगितलं. हसली. म्हणाली, मग तर बघायलाच पाहिजे.

पान्या : लग्नाला कोण कोण आहे?

दाजी : थोडकेच. तिच्याकडचे आठ-दहा. मला विचारलं, तुमच्याकडून किती? म्हटलं, एक. उशिरा येईल, पण येईल.

पान्या : नातं काय सांगितलंत?

दाजी : त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं ते ठरवत होतो, तेवढ्यात चहा आला.

पान्या : मला एक चांगला शर्ट घ्यावा लागेल. माझ्या सगळ्या शर्टांना एक तरी डाग आहे. ताई म्हणते, तुला पांढरा घेऊन देते, म्हणजे तू हात कुठे पुसतोस ते तुला दिसेल. आणि त्या दातवाल्याला मी सांगणार आहे, बॅटरीची असली तरी चाकांना बेअरिंग असतंच, ब्रेकलाही तेल असतं, ते कुणीतरी बघायला लागतं. नुसतं चार्ज केलं म्हणजे गाडी सांभाळली असं होत नाही. रागावून नाही सांगणार, नीट सांगेन. तुम्ही त्याला त्या उताराचंही सांगून टाका, मी असेन तेव्हा. दोघांनी मिळून सांगितलं की राग येत नाही माणसाला... काय झालं? आरशात काय बघताय?

दाजी : वळण मागे गेलं.

पान्या : कुठलं?

दाजी : परत फिरायचं.

पान्या : कधी?

दाजी : तू टायरचं सांगत होतास तेव्हा.

पान्या : मग वळला का नाहीत?

दाजी : ऐकत होतो.

पान्या : आता पुढे कुठे फिरता येतं?

दाजी : टोलनाक्याच्या पलीकडे. बरंच लांब आहे.

पान्या : पेट्रोल?

दाजी : आहे.

पान्या : मग तुमच्या बाजूची काच वर करा. वाऱ्याने नीट ऐकू येत नाही.